नऊ वाजताचं टिंब

मला तुझं घर माहीत होतं.

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर बाकीचं सगळं लिहीन आणि नेमकं हेच राहून जाईल. पाच महिने मला तुझं नाव माहीत होतं, आडनाव माहीत होतं, रायपुरातल्या गुढियारीतली गल्ली माहीत होती. आणि ज्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता तुझं टिंब आलं नाही, त्या मंगळवारी तुझा पत्ता समोर उघडा ठेवून मी दिवसभर खुर्चीत बसून राहिले.

तू सदुसष्ट वर्षांचा होतास. समोरासमोर बोललो असतो तर मी तुला काका म्हटलं असतं, तुम्ही म्हटलं असतं. पण फोनवरच्या आपल्या ओट्यावर सगळे एकमेकांना तूच म्हणतात. 'तुम्ही' आलं की वय कळतं, वय कळलं की माणूस अंदाज बांधायला लागतो, असं तुझं म्हणणं. बायकांनीसुद्धा 'आलो, गेलो' असंच लिहायचं, हाही नियम तुझाच. तो आज मी मोडते आहे. मी आले, मी बसले, मी घाबरले. चिमटा, म्हणजे मी, बाई आहे, हे आज सगळ्यांना कळू दे.

तू गेलास हे मी ओट्यावर लिहिलं तेव्हा पहिल्यांदा कुणी रडलं नाही. पहिला प्रश्न 'उलथणं' नाव घेतलेल्याचा आला: "चिमटा, तुले कसं समजलं?" संध्याकाळपर्यंत दोघे ओट्यावरून उतरले. मी त्यांना दोष देत नाही. मला तुझं घर माहीत असेल तर त्यांचंही माहीत असेल, असंच कुणालाही वाटणार. म्हणून हे तुला लिहिते आहे आणि त्यांना वाचू देते आहे. आठव्या दिवशी सगळ्यांचं पुसलं जातं तसं हेही पुसलं जाईल.

गेल्या महिन्यात आलेल्या दोघांना तू नीट माहीत नाहीस. त्यांच्यासाठी थोडं सांगते. ओटा म्हणजे फोनवरचा आपला एवढासा गट, एकतीस जणांचा. रायपूर, भिलाई, दुर्ग, थोडे नागपूरकडचे. नंबर दिसत नाही, फोटो लावायचा नाही, कुणी कुठल्या गल्लीत राहतं ते विचारायचं नाही. नाव घ्यायचं ते स्वयंपाकघरातल्या वस्तूचं. तू पाटा होतास, मी चिमटा. उलथण्याची नोकरी जाऊन वर्ष झालं. घरच्यांना ते ठाऊक नाही. तो रोज डबा घेऊन निघतो आणि तळ्याकाठी बसून आपल्याला तिथल्या बदकांच्या भानगडी कळवतो. झारा, बाई की बुवा माहीत नाही, आपल्या आईला सांभाळता सांभाळता कंटाळलाय, आणि कंटाळा आला हे म्हणायला त्याला जगात दुसरी जागा नाही. ह्या सगळ्यांच्या ओट्याची किल्ली तुझ्या फोनात होती. कुणाला घ्यायचं, कुणाला उतरवायचं, ते तिथून व्हायचं.

माझं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. मला मिरगी येते. चौदाव्या वर्षापासून. लग्न ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, "गोळी घेत राहा, बोलू नको." मी घेत राहिले, बोलले नाही. सोळा वर्षं झाली. सासरी माझी गोळी कॅल्शियमच्या डबीत असते. मुलीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना एकटी गाठून सांगितलं आणि त्यांनीही ते पोटात ठेवलं. न्हाणीची कडी मी कधी लावत नाही, आत पडले तर दार उघडता यावं म्हणून. सासूबाई म्हणतात, सुनेला लाजच नाही. नवऱ्याला वाटतं, मी विसरभोळी. हे सगळं मी, बाई असल्याचं तेवढं झाकून, पहिल्यांदा ओट्यावर लिहिलं तेव्हा अर्धी अक्षरं चुकली.

त्याच महिन्यात एक दिवस मी गोळी विसरले आणि न्हाणीत पडले. भिंतीवर डोकं आपटलं. घरात म्हटलं, पाय घसरला. ओट्यावर खरं लिहिलं. कुणी म्हणालं अलार्म लाव, कुणी म्हणालं सांगून टाक घरी. तू म्हणालास, "उद्यापासून नऊ वाजता मीबी माह्यी बीपीची गोळी घेतो. घेतली की एक टिंब टाकतो. तू तुह्यं टाक. बस."

बस इतकंच. त्यानंतर दोन वर्षं रोज नऊला तुझं एक टिंब आणि माझं एक टिंब. दिवाळीला, संक्रांतीला, ज्या दिवशी आपण भांडलेलो असायचो त्याही दिवशी. नवऱ्याने माझी चौकशी केली नाही असं नाही, तो चांगला माणूस आहे. पण ज्याला माहीतच नाही तो काय विचारणार? रोज मी जिवंत आहे ना, हे विचारणारा तू एकटा होतास, आणि तेही एकही शब्द न वापरता.

मग चैत्रात तू आमच्या काउंटरवर आलास.

समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकमध्ये मी पेशंटची नावं लिहून घेते. एरवी मी दहाला जाते, त्या आठवड्यात लवकरची पाळी होती, रिकाम्या पोटी रक्त देणाऱ्यांची गर्दी. नऊ वाजले, मी खाली वाकून गोळी गिळली आणि मांडीवरच्या फोनवर टिंब टाकलं. समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या शर्टाच्या खिशात टिंग वाजलं.

योगायोग असेल म्हणून मी रजिस्टर ओढलं. तू फोन काढलास, चष्मा कपाळावर सरकवलास, हसलास आणि बोटाने एकदा टचकन दाबलंस. माझ्या मांडीवरचा फोन थरथरला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. दोन वर्षं ज्याच्याशी बोलते तो माणूस समोर उभा, पांढरा शर्ट, कोपराला थोडा उसवलेला. पण पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच: ह्याने मला ओळखलं तर? मी मान वर न करता विचारलं, "नाव?" तू सांगितलंस. आडनाव सांगितलंस. पत्ता सांगितलास. मी मोबाइल नंबर विचारला तसा तू भडकलास. "नंबर काहून पायजे? रक्त घेऊन राहिले का नंबर?" मागचे लोक हसले. संध्याकाळी तू ओट्यावर हाच किस्सा रंगवून सांगितलास, त्या काउंटरवरच्या घुम्या बाईसकट. मीही हसण्याचं चिन्ह टाकलं.

आणखी एक गोष्ट सांगते, लाज वाटते तरी. तुझं आडनाव लिहिताना माझं पेन एक क्षण थांबलं. आपल्या लोकांत आडनाव कळलं की पुढचं सगळं कळल्यासारखं होतं. कुठली वस्ती, कुठला विहार की कुठलं देऊळ, कुणाच्या घरी पाणी प्यायचं. दोन वर्षं मी तुझ्याशी बोलत होते आणि हे मनात आलं नव्हतं. नाव लिहिलं आणि आलं. क्षणभरच आलं, पण आलं. तेव्हा कळलं, तू नावांना एवढा का भीत होतास.

तू दुसऱ्यांदा क्लिनिकमध्ये आलास, तेव्हा तुला लांबून पाहून मी एक्स-रेच्या खोलीत जाऊन लपले. हो, लपले. चाळिशी उलटलेली बाई मी. तुझं नाव दुसरीने लिहून घेतलं. रिपोर्ट तू न्यायला आला नाहीस, आणि नंबर दिला नव्हतास म्हणून तुला कुणी बोलावूही शकलं नाही. तो पाकिटात बंद होऊन ट्रेमध्ये पडून राहिला.

आपलं ते भांडण आठवतं? झारा अकरा दिवस गायब होता, तेव्हाचं. जिन्यावरून पडून दवाखान्यात होता, ते नंतर कळलं. त्या अकरा दिवसांत मी झोपले नाही धड. मी म्हटलं, प्रत्येकाने आपलं नाव-पत्ता निदान एका माणसाला देऊन ठेवावा. बंद पाकिटात ठेवल्यासारखा. तू ताडकन म्हणालास, यादी होणार नाही. मी विचारलं का, तेव्हा तू पहिल्यांदा ते सांगितलंस. नोकरी नवी असताना साहेबाने तुला एक यादी टाईप करायला दिली होती. क्वार्टरच्या तक्रारीवर ज्यांनी सह्या केल्या, त्यांची. तुला वाटलं, त्यांना क्वार्टर मिळणार म्हणून यादी. तू मन लावून, एकही चूक न करता टाईप केलीस. महिन्याभरात सगळ्यांच्या बदल्या झाल्या, कुणाची कुठे, कुणाची कुठे. त्यात तुझ्या ताटात जेवणारा मित्र होता. तो परत तुझ्याशी बोलला नाही.

"यादी करणारा वाईट नसते," तू लिहिलं होतंस. "यादी वाईट असते."

मी ऐकणारी नव्हते. तीन दिवस आपण वाद घातला. शेवटी तू म्हणालास, "तुले मरायची भीती वाटते, मले सापडायची." मी फटकन उत्तर दिलं, "एक दिवस दोन्ही एकच होईल, पाटा." दुसऱ्या दिवशी नऊला टिंब तेवढं आलं. वाद तिथेच राहिला.

आता तो मंगळवार.

नऊ वाजता माझं टिंब गेलं. तुझं आलं नाही. सव्वानऊला मी स्वतःला म्हटलं, फोन चार्जिंगला असेल. साडेनऊला म्हटलं, बाजारात गेला असेल. दहाला क्लिनिकमध्ये पोचले आणि पहिल्यांदा काय केलं, तर चैत्रातलं रजिस्टर काढून तुझं पान उघडलं. ऑटोने पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे. मी उठले नाही.

का उठले नाही ते मी रोज स्वतःला विचारते, आणि रोज उत्तर तेच येतं. भीती. तुझ्या दारात गेले असते तर तू विचारलं असतंस, पत्ता कुठून आणला? रजिस्टरमधून चोरला, असं सांगावं लागलं असतं. घरात दुसरं कुणी असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुम्ही कोण? सासूबाईंची मावसबहीण तिथून दोन गल्ल्यांवर राहते. तिने मला त्या वस्तीत, त्या दारात पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमच्या घरी पंचनामा झाला असता: कशाला गेली, कोण लागतो तो, ओळख कशी? धागा ओढत ओढत कॅल्शियमच्या डबीपर्यंत आला असता. मी हे सगळं बसल्या जागी पाहिलं. नावं लिहीत राहिले. दर दहा मिनिटांनी फोन पाहत राहिले.

बुधवारीही टिंब नाही. तेव्हा मात्र निघाले. ऑटोवाला सारखा विचारत होता, "दीदी, कौन सा मकान?" आणि मी म्हणत होते, थोडं पुढे, थोडं पुढे. गल्लीच्या तोंडाशी उतरले. तुझ्या दारासमोर चपलांचा ढीग होता. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका आत जात होत्या.

मी तिथूनच परत फिरले, पाटा. आत आले नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात उगाच एक साबण घेतला, दुकानदार आपणहून सांगायला लागला. काकू, म्हणजे तुझी बायको, गोंदियाला मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या, घरी एकटाच होता, मंगळवारी संध्याकाळी शेजाऱ्यांनी दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, सकाळी कधीतरी. "सकाळी कधीतरी" हे दोन शब्द घेऊन मी घरी आले आणि त्या साबणाने हात धुतले.

पुढचे दिवस ओटा पेटलेला होता. पाटा कुठं आहेस, पाटा बोल ना. मी गप्प. काय सांगणार, आणि कसं कळलं म्हणून सांगणार? रोज नऊला मी एकटी टिंब टाकत होते. ज्याला ते पाहायचं होतं तोच नव्हता.

गेलेल्याच्या नावाने वंदना आणि जेवण असतं, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मात्र जीव मुठीत धरून तुझ्या घरी आले. काहीतरी निमित्त हवं म्हणून ट्रेमधलं ते पाकीट घेतलं. तुझा रिपोर्ट. गेलेल्या माणसाचा शुगरचा रिपोर्ट त्याच्या बायकोच्या हातात द्यायचा, हे सुचायला माझ्यासारखंच डोकं लागतं. काकूंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "आता ह्याचं काय करू वं बाई?" त्या म्हणाल्या. मला जमिनीने गिळावं असं झालं.

वंदना झाली, मंडळी जेवायला बसली. कपाटावर तुझा फोन होता. तो टिंग वाजला. थोड्या वेळाने पुन्हा. काकू म्हणाल्या, "पाहा ना, वाजूनच राहिला. कोण आहे काय माहीत." हैदराबादहून आलेला तुझा मुलगा ताटावरून म्हणाला, "मम्मी, शाम को गोल बाज़ार में खुलवा लेता हूँ. पापा के फोटो भी निकल आएँगे." काकू म्हणाल्या, "पाहू ना, बापू. जेव तं आधी."

मी हातातला घास ताटात ठेवला. संध्याकाळ म्हणजे तीन तास. गोल बाजारातल्या कुठल्याशा दुकानात, काउंटरवर, चार लोकांसमोर तो फोन उघडणार. उलथण्याची गेलेली नोकरी, झाऱ्याची आई, माझी डबी. सात दिवसांचं सगळं, आणि वर ओट्याची किल्ली. मुलगा वाईट नव्हता. बापाचे फोटो शोधणारा मुलगा होता. यादी करणारा वाईट नसतो.

एकदा वाटलं, फोन उचलावा आणि पर्समध्ये टाकावा. खोटं नाही सांगत, हात तिकडे गेला होता. मग मी काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

"काकू, तो फोन दुकानात नका देऊ."

"काहून?"

"त्यात माझं काही आहे."

त्यांनी चहाखालचा गॅस बारीक केला. माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. "मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "रोज नऊ वाजता गोळी खाये, फोन पाहे, अन् गालातल्या गालात हासे. बीपीची गोळी खाऊन हासणारा माणूस म्या जिंदगीत पाह्यला नाही. म्हटलं, आहे कोणी बाई."

"बाईच आहे, काकू. पण तसं नाही हो."

आणि मग मी सांगितलं. मला मिरगी येते. हे वाक्य मोठ्याने, दवाखान्याबाहेर, दुसऱ्या माणसाच्या तोंडावर मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही कुणाला, तर जिला अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा पाहिलं त्या बाईला. डबी सांगितली, टिंब सांगितलं, ओटा सांगितला. कुणाचं काय दुखणं ते सांगितलं नाही, एवढं पाळलं. काकू स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून ऐकत होत्या. मला वाटलं, त्या म्हणतील, घाबरू नको, आजकाल काही नसतं त्याचं. सगळे तेच म्हणतात.

"माह्या मोठ्या बहिणीले येत होती," त्या म्हणाल्या. "कांदा हुंगवत होते तिले. साऱ्या पाऱ्याले, मोहल्ल्याले माहीत झालं, मंग लग्नच नाही झालं तिचं. अन् गेली तं आंघोळ करता करता. दाराले आतून कडी."

चहा उतू गेला. आम्ही दोघींनी तो पुसला.

"नंबर मले माहीत आहे फोनचा," काकू हळूच म्हणाल्या. "पोराले नाही सांगतला. ह्यायनं मले कधी दाखवलं नाही, म्हणून म्याबी पाह्यलं नाही. मंग पोरानं काहून पाहावं?" त्यांनी कपाटावरचा फोन आत आणला, कुलपाचे चार आकडे दाबले, तो माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाटा, आपण दोन वर्षं नियमांवर नियम केले. तुझ्या घरात ते न लिहिता पाळले जात होते, आणि तुला ते माहीत होतं की नाही, देव जाणे.

मी ओटा उघडला. खाली, जिथे आपण लिहितो त्या रिकाम्या चौकटीत, एक टिंब होतं.

टाईप केलेलं. न पाठवलेलं.

मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. म्हणजे तू गोळी घेतलीस. फोन हातात घेतलास. टिंब टाकलंस, आणि पाठवायचं बटण त्याच्या शेजारीच होतं. एका नखाएवढं अंतर. तिथपर्यंत तुझं बोट गेलं नाही. त्यानंतर तू किती वेळ होतास? पाच मिनिटं, की दहा वाजेपर्यंत, माझ्यापुढे रजिस्टर उघडं होतं तोपर्यंत? हे मला कधीच कळणार नाही, आणि ह्या न कळण्याची मला इतकी भीती वाटते की रस्त्यात चालताना मी मध्येच थांबते.

"काही लिहलं होतं का त्यायनं?" काकूंनी भिंतीकडे पाहतच विचारलं.

"टिंब," मी म्हटलं. "गोळी घेतली, असं."

मग माझ्याने राहवेना. मंगळवारी दहा वाजता मला पत्ता माहीत होता, मी आले नाही, हेही सांगून टाकलं. आता त्या मला घराबाहेर काढतील असं वाटलं. बाहेर पंगतीत कुणीतरी वरण मागत होतं.

"म्याबी फोन केला होता साडेनवाले," त्या म्हणाल्या. "नाही उचलला. म्हटलं, बसले असतील पेपर घेऊन. नात रडून राहिली होती, तिले घेतलं." एवढंच. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही मागितलं नाही. पदराने डोळे पुसून त्या वरण घेऊन बाहेर गेल्या.

मी तुझ्या फोनातली किल्ली माझ्याकडे घेतली आणि तुला उतरवलं. 'पाटा ओट्यावरून उतरला', अशी ओळ सगळ्यांना दिसली, ते बटण मी दाबलं होतं. मग तिथून ओटाच काढून टाकला. फोन तुझ्या मुलाला दिला. कुलूप काकूंनीच उघडून दिलं. त्यात तुझे फोटो निघाले म्हणे, नातीचे, आणि अंगणातल्या जास्वंदीचे ढीगभर.

आता भांडण पुरं करते. तू म्हणालास ते खरं आहे. यादी नको. किल्ली माझ्याकडे असेतो ओट्यावर यादी होणार नाही, कुणी मला नाव सांगू नये, मी कुणाचं विचारणार नाही. जे दोघे उतरले त्यांना परत यावंसं वाटलं तर जागा तशीच आहे. पण एका नावाला यादी म्हणत नाहीत, एवढं तू मान्य करशील. आणि ते नाव माझं असेल तर तुला काय करायचंय?

हे धाडस आहे असं कुणी समजू नये. काकूंच्या बहिणीची ती कडी ऐकल्यापासून मी न्हाणीत जाताना दार अर्धं उघडं ठेवते. सापडायची भीती अजून तेवढीच आहे, तसूभर कमी झालेली नाही. फक्त दुसरी भीती तिच्याहून मोठी झाली.

नऊ वाजायला दोन मिनिटं आहेत. डबी समोर आहे. पलीकडच्या खोलीत सासूबाई पोथी वाचतायत. आज रात्रीपर्यंत त्यांना आणि नवऱ्याला मी सांगितलेलं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. पण हे आधी जाईल.

माझं नाव सुनंदा. रायपूर, समता कॉलोनी, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, हिरवं फाटक, दारात तुळशीऐवजी कोरफड. ज्या दिवशी नऊला माझं टिंब येणार नाही, त्या दिवशी चार्जिंग संपलं असेल, बाजारात गेली असेल, असलं काही म्हणू नका. सव्वानऊपर्यंत थांबू नका. या. दार सासूबाई उघडतील आणि विचारतील, तुम्ही कोण? म्हणा, ओट्यावरचे. आणि सरळ न्हाणीकडे जा. कडी लावलेली नसेल.

गोळी घेतली, पाटा. पाठवते.